प्रोग्रॅममधून फाईल उघडताना

प्रोग्रॅमने तयार केलेली फाईल वापरणाऱ्याच्या समोर उघडून द्यायची असेल, तर दोन मार्ग असतात. पहिल्यात फाईल कोणत्या ॲपमध्ये उघडायची हे प्रोग्रॅमच ठरवतो आणि त्या ॲपचा पत्ता कोडमध्ये लिहून ठेवतो. दुसऱ्यात प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमला फाईलचा पत्ता देऊन ती उघडायला सांगतो. मग त्या संगणकावर त्या प्रकारच्या फाईलसाठी जे ॲप ठरलेले असेल, म्हणजे डीफॉल्ट असेल, त्यात ती उघडते. दुसरा मार्ग जवळजवळ नेहमीच योग्य असतो. पहिला मार्ग प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर बिनचूक चालतो आणि बाकी सगळीकडे अडतो.

मीरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न रोजच्या कामाचा आहे, कारण हे शहर गृहनिर्माण सोसायट्यांचे आहे. शांतीनगर, पूनमसागर, सृष्टी, गोल्डन नेस्ट यांसारख्या वसाहतींतल्या सोसायट्यांना मेंटेनन्सची बिले, पावत्या, थकबाकीची यादी आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस काढावी लागते. सभासदांची नोंद ठेवणारी ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यांतली रजिस्टरेही असतात. यासाठी कुठे विकत घेतलेले सॉफ्टवेअर असते, तर कुठे कमिटीतल्याच एखाद्या सभासदाने किंवा ओळखीच्या विद्यार्थ्याने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम असतो. तो शेवटी पीडीएफ किंवा एक्सेलची फाईल काढतो आणि ‘बिल पाहा’ असे बटण देतो. हे बटण मॅनेजर सोसायटीच्या जुन्या विंडोज संगणकावर दाबतो, खजिनदार घरच्या मॅकवर आणि ऑडिटर स्वतःच्या लॅपटॉपवर. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतही अडचण हीच असते, फक्त फाईली वेगळ्या. तिथे कोटेशनसोबत साच्याचे किंवा पत्र्याच्या कटिंगचे ड्रॉइंग असते. डीडब्ल्यूजी प्रकारचे हे ड्रॉइंग एका संगणकावर पूर्ण ऑटोकॅडमध्ये उघडते, तर दुसऱ्यावर फुकटच्या व्ह्यूअरमध्ये. कोणावर काय आहे हे प्रोग्रॅमला आधी कळणे शक्य नसते आणि कळायची गरजही नसते.

विंडोजमध्ये ही जोडणी फाईलच्या नावाच्या शेवटी येणाऱ्या एक्स्टेन्शनवरून होते. रजिस्ट्रीच्या ‘एचकी क्लासेस रूट’ या शाखेत एक्स्टेन्शनपुढे एका प्रकाराचे नाव असते आणि त्या प्रकाराखाली ‘ओपन’, ‘प्रिंट’, ‘एडिट’ अशा क्रिया व त्यांच्या कमांडी नोंदलेल्या असतात. माणसाने स्वतः केलेली निवड वेगळ्या जागी, ‘यूझरचॉइस’ नावाखाली राहते आणि तिला अग्रक्रम मिळतो. विंडोज 8पासून या निवडीसोबत एक सांकेतिक खूण साठवली जाते, त्यामुळे दुसऱ्या प्रोग्रॅमला ती निवड गुपचूप बदलणे अवघड जाते. हे चांगलेच झाले. रजिस्ट्री स्वतः वाचून कमांड जुळवण्याचा खटाटोप मात्र कोणी करू नये. ते काम सिस्टीमचे फंक्शन अधिक नीट करते.

मॅकवर हेच काम ‘लाँच सर्व्हिसेस’ ही यंत्रणा करते. लिनक्सवर फाईलचा ‘माइम’ प्रकार ओळखून ‘माइमॲप्स डॉट लिस्ट’ या नोंदवहीतून ॲप शोधले जाते. सी-डॅकने काढलेल्या ‘बॉस’ लिनक्सलाही हे लागू आहे.

प्रोग्रॅममधून हे सांगायचे कसे, हे भाषेवर अवलंबून आहे. पुढे देवनागरीत दिलेली नावे कोडमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची आहेत. विंडोजचे मूळ फंक्शन ‘शेल एक्झिक्यूट’. पायथनमध्ये त्याला हाक मारणारे ‘स्टार्टफाईल’ हे फंक्शन ‘ओएस’ मॉड्यूलमध्ये आहे. ते फक्त विंडोजवर चालते, त्यामुळे पायथनचा तोच प्रोग्रॅम मॅकवर नेला की तिथे थांबतो. मॅकवर ‘सबप्रोसेस’ मॉड्यूलमधून ‘ओपन’ ही कमांड द्यावी आणि लिनक्सवर ‘एक्सडीजी-ओपन’. आधी कोणती सिस्टीम आहे ते पाहायचे आणि मग तिघांपैकी एक वाट घ्यायची, असे चार-पाच ओळींचे एकच छोटे फंक्शन लिहून सगळीकडे तेच वापरावे. जावामध्ये हे भेद भाषेनेच झाकले आहेत. तिथे जावा 6पासून ‘डेस्कटॉप’ नावाचा वर्ग असून त्याचे ‘ओपन’ पुरते, फक्त त्या संगणकावर ती सोय आहे का, हे ‘इज डेस्कटॉप सपोर्टेड’ने आधी विचारून घ्यावे.

डॉटनेटमध्ये एक खाचखळगा आहे. ‘प्रोसेस स्टार्ट’ला नुसते फाईलचे नाव दिले की जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये फाईल उघडत असे, कारण ‘यूज शेल एक्झिक्यूट’ हा पर्याय तिथे आपोआप चालू असे. डॉटनेट कोअरमध्ये आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत तो आपोआप बंद असतो. मग तोच कोड नव्या आवृत्तीवर आणला की पीडीएफ हा चालवता येणारा प्रोग्रॅम नाही अशा अर्थाची चूक येते. तो पर्याय स्वतः चालू करणे एवढाच त्यावर उपाय आहे.

यांतला कोणताही मार्ग घेतला तरी फाईलचा पूर्ण पत्ता द्यावा. नुसते नाव दिले तर सिस्टीम ती फाईल प्रोग्रॅमच्या चालू फोल्डरमध्ये शोधते, आणि शॉर्टकटवरून सुरू केलेल्या प्रोग्रॅमचे चालू फोल्डर कोणते असेल याचा भरवसा नसतो. नेटवर्कवरच्या फोल्डरला ड्राइव्हचे अक्षर दिले असेल, तर ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून’ चालवलेल्या प्रोग्रॅमला तो ड्राइव्ह बहुधा दिसतच नाही. प्रोग्रॅम साधेपणाने चालवावा, हे उत्तम.

जुन्या कोडमध्ये फाईल उघडण्यासाठी संपूर्ण कमांडची एक ओळ जुळवून ती शेलकडे ढकललेली आढळते. ही सवय सोडावी. ‘मेंटेनन्स बिल जून’ अशा नावात मोकळ्या जागा असतात आणि अवतरणचिन्हे विसरली की नावाचे तीन तुकडे होतात. अवतरणे घातली तरी विंडोजच्या ‘स्टार्ट’ कमांडमध्ये वेगळाच पेच आहे. ती पहिला अवतरणांतला मजकूर खिडकीचे शीर्षक समजते, म्हणून फाईल उघडत नाही आणि काळी खिडकी तेवढी समोर येते. फाईलच्या नावाआधी रिकाम्या अवतरणांची जोडी द्यावी लागते. त्याहून गंभीर प्रकार भागीदारीतल्या फर्मच्या नावातल्या & या चिन्हाचा. अवतरणांबाहेर राहिलेले हे चिन्ह शेलला ‘इथे एक कमांड संपली, पुढे दुसरी’ असे सांगते. म्हणजे फाईलच्या नावाचा उरलेला भाग कमांड म्हणून चालवला जातो. फाईलचे नाव बाहेरून आलेले असेल, तर ही घुसखोरीची उघडी वाटच आहे. कमांड आणि फाईलचे नाव यादीतल्या वेगवेगळ्या घटकांसारखे स्वतंत्र दिले, तर मॅक आणि लिनक्सवर यांतले काहीच उद्भवत नाही. विंडोजवर शेलच्या वाटेला न जाता ‘स्टार्टफाईल’ वापरावे.

मराठी नावांच्या फाईलींच्या अडचणींना इतरांहून अधिक जागा द्यायला हवी, कारण इंग्रजी मार्गदर्शकांत त्या सापडत नाहीत. विंडोजच्या अशा फंक्शनांची दोन रूपे असतात. एक जुन्या, मर्यादित अक्षरसंचाचे, दुसरे यूनिकोडचे. देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुना अक्षरसंच कधी नव्हताच. देवनागरी आली ती थेट यूनिकोडमध्ये. त्यामुळे व्हिज्युअल बेसिक 6मध्ये किंवा एक्सेलच्या मॅक्रोमध्ये ‘शेल एक्झिक्यूट’ नेहमीच्या पद्धतीने जाहीर केले, की जुने रूप बोलावले जाते आणि प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह पडते. ‘भाईंदर’ या नावात भ, काना, ई, अनुस्वार, द आणि र अशी सहा चिन्हे आहेत, म्हणून सिस्टीमपर्यंत सहा प्रश्नचिन्हे पोहोचतात. अशी फाईल अर्थातच सापडत नाही, आणि दोष मराठी नावावर ढकलला जातो. खरा दोष फंक्शनच्या निवडीत असतो. शेवटी ‘डब्ल्यू’ असलेले यूनिकोडचे रूप जाहीर करून त्याला मजकुराऐवजी मजकुराचा पत्ता दिला, की ‘भाईंदर’ नीट उघडते. पायथन 3 आणि जावा ही काळजी आपणहून घेतात.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या तिमाहीची बिले’ या नावातला अर्धा र यूनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्या तऱ्हेत र आणि त्याखाली नुक्ता, तर तिसऱ्या तऱ्हेत र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कोणता कळफलक वापरला यावर तऱ्हा ठरते. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात, पण सिस्टीमच्या लेखी ती वेगळी नावे असू शकतात. मॅकची जुनी फाईलपद्धत पहिल्या तऱ्हेचे नाव स्वतःच दुसऱ्या तऱ्हेत बदलून साठवत असे. यूनिकोडच्या सामान्यीकरणाने पहिली दोन रूपे एक करता येतात, तिसरे मात्र वेगळेच राहते. म्हणून फाईल लिहिताना जो पत्ता वापरला तोच जपून ठेवावा आणि उघडतानाही तोच द्यावा. किंवा फोल्डरमधल्या नावांची यादी वाचून त्यातला पत्ता घ्यावा. नाव दुसऱ्यांदा टाइप करवून घेऊन उघडण्याचा प्रयत्न करू नये.

नावाच्या लांबीचाही विचार हवा. लिनक्सवर फाईलचे नाव 255 बाइटांपर्यंत चालते आणि यूटीएफ-8मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे मर्यादा 85 चिन्हांवर येते, त्यातही काना-मात्रा-वेलांट्या स्वतंत्र मोजल्या जातात. विंडोजवर 255 हा हिशेब चिन्हांचा असल्याने तिथे हा जाच नाही, पण फोल्डरांसकट पूर्ण पत्ता 260 चिन्हांपलीकडे गेला की अनेक ॲप अजूनही अडतात. सोसायटीचे पूर्ण नोंदणीकृत नाव फाईलच्या नावात घालण्याचा मोह आवरावा.

मीरा रोडच्या सोसायट्यांत फ्लॅटचा नंबर ‘ए/302’ असा विंगसकट लिहितात. हाच नंबर जसाच्या तसा फाईलच्या नावात घातला तर तिरपी रेघ फोल्डर वेगळे करण्याचे चिन्ह ठरते. प्रोग्रॅम ‘ए’ नावाच्या फोल्डरात ‘302’ने सुरू होणारी फाईल शोधू लागतो आणि ‘असा मार्ग नाही’ म्हणून थांबतो. तारखेतल्या तिरप्या रेघांचे तेच होते. विंडोजवर अपूर्णविराम, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, कोनी कंस, उभी रेघ आणि उलटी तिरपी रेघ हीदेखील नावात चालत नाहीत. फाईल लिहिण्याआधी ही सगळी चिन्हे आडव्या रेघेने बदलावीत. ‘ए-302’ वाचायला काही अडत नाही.

फाईल सिस्टीमच्या हवाली केली की प्रोग्रॅमचा तिच्यावरचा ताबा संपतो, ही गोष्ट नवख्या लेखकांच्या ध्यानात सहसा राहत नाही. ‘स्टार्टफाईल’ ॲप सुरू करून लगेच परत येते आणि वापरणाऱ्याने फाईल कधी बंद केली हे कळवत नाही. ॲपची प्रक्रिया संपेपर्यंत थांबण्याची युक्तीही बेभरवशाची, कारण एक्सेल आधीच उघडे असेल तर नवी प्रक्रिया फाईल त्याच्याकडे सोपवून क्षणात संपते. म्हणून तात्पुरती फाईल उघडल्यावर लगेच पुसण्याचा कोड लिहू नये. ॲप ती वाचायला घेण्याआधीच ती नाहीशी होते. पुढच्या वेळी प्रोग्रॅम सुरू होताना जुन्या तात्पुरत्या फाईली साफ करणे सर्वांत बिनधोक.

याच्या उलट त्रासही होतो. मॅनेजरने जूनचे बिल उघडे ठेवले, रक्कम दुरुस्त केली आणि बिल पुन्हा काढले, तर विंडोजवर एक्सेल किंवा पीडीएफचे काही ॲप ती फाईल धरून बसलेले असते आणि ‘परवानगी नाही’ अशी चूक येते. प्रोग्रॅमने इथे ‘हे बिल दुसऱ्या खिडकीत उघडे आहे, ते बंद करून पुन्हा प्रयत्न करावा’ असे सांगावे किंवा नव्या फाईलच्या नावात वेळ घालून ती वेगळी ठेवावी. हिशेबाच्या कामात दुसरा पर्याय अधिक बरा, आधीचे बिल कसे होते हे नंतर पाहता येते.

सुरक्षेची बाब सर्वांत महत्त्वाची. विंडोजमध्ये ‘ओपन’ या क्रियेचा अर्थ फाईलच्या प्रकारावर ठरतो. पीडीएफसाठी ती दाखवणे आहे, तर ईएक्सई, बीएटी, व्हीबीएस, जेएस या फाईलींसाठी ती चालवणे आहे. मे 2000मध्ये जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ विषाणू याच फटीतून घुसला. त्याच्या फाईलचे नाव ‘टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ असे दुहेरी संपत होते आणि विंडोज ओळखीचे एक्स्टेन्शन लपवत असल्याने लोकांना ती साधी मजकुराची फाईल वाटली. ही लपवण्याची पद्धत विंडोजमध्ये आजही आपोआप चालू असते. भाडेकरार, नॉमिनेशनचा अर्ज, पोलीस पडताळणीची कागदपत्रे सभासदांकडून ईमेलने येतात आणि प्रोग्रॅममध्ये साठवली जातात. अशी बाहेरची फाईल उघडण्याआधी तिचे सर्वांत शेवटचे एक्स्टेन्शन तपासून ते परवानगीच्या यादीत असेल तरच पुढे जावे. पीडीएफ, जेपीजी, पीएनजी, डॉक्सएक्स आणि एक्सएलएसएक्स एवढी यादी सोसायटीच्या कामाला पुरते. मॅक्रो असलेली एक्सएलएसएम या यादीत नसावी. बंदी असलेल्या प्रकारांची यादी करणे मात्र टाळावे, ती कधीच पूर्ण होत नाही.

इंटरनेटवरून आलेल्या फाईलला विंडोज एक अदृश्य शिक्का लावते आणि तो पाहून वर्ड-एक्सेल ती फाईल संरक्षित अवस्थेत उघडतात. प्रोग्रॅमने तिचा मजकूर वाचून नव्या फाईलमध्ये लिहिला की शिक्का गळून पडतो. नेहमीच्या पेन ड्राइव्हवरून आणलेल्या फाईलचेही तसेच होते. म्हणजे सिस्टीम सावध करील या भरवशावर राहता येत नाही.

ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्रॅम असेल तर या लेखातले कोणतेही फंक्शन उपयोगी नाही. ‘स्टार्टफाईल’ ज्या संगणकावर चालते तिथेच फाईल उघडते, आणि वेब प्रोग्रॅमसाठी तो संगणक म्हणजे सर्व्हर. स्वतःच्या लॅपटॉपवर सर्व्हर आणि ब्राउझर एकत्रच असल्याने चाचणीत सगळे ठीक दिसते आणि खरा प्रकार नंतर समजतो. विंडोजवर पार्श्वभूमीत चालणाऱ्या सर्व्हिसचेही असेच आहे. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसना माणसाच्या डेस्कटॉपपासून तोडलेले आहे. वेब प्रोग्रॅमने फाईल डाउनलोडला द्यावी आणि पुढचे ब्राउझरवर सोडावे.

‘प्रिंट’ ही क्रियाही ‘स्टार्टफाईल’ला सांगता येते, पण प्रत्येक ॲप ती नोंदवतेच असे नाही. पीडीएफसाठी ब्राउझर डीफॉल्ट असेल तर बहुधा चूक येते. शिवाय शंभर बिलांसाठी ती शंभर वेळा बोलावणे म्हणजे प्रिंटरपुढे गोंधळ घालणे. सगळी बिले एकाच पीडीएफमध्ये जोडून ती एकदा उघडावी आणि छपाई माणसावर सोपवावी. बिले व्हॉट्सॲपवर पाठवायची असतील तर फाईल उघडून देण्यापेक्षा तिचे फोल्डर उघडून ती निवडलेली दाखवणे जास्त उपयोगी. विंडोजच्या एक्सप्लोररला ‘सिलेक्ट’ या पर्यायासह पत्ता दिला की हे होते आणि मॅकवर ‘ओपन’ला ‘आर’ हा पर्याय दिल्यावर.

फाईल उघडली तरी वाचता येईलच असे नाही. सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये उघडते, पण सुरुवातीला यूटीएफ-8ची तीन बाइटांची खूण नसेल तर सभासदांची मराठी नावे कचऱ्यासारखी दिसतात. पायथनमध्ये ‘यूटीएफ-8-सिग’ हे संकेतन निवडले की खूण आपोआप पडते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर कोणत्याही ॲपमध्ये उघडला तरी वाचता येत नाही. तो यूनिकोडमध्ये बदलावा, आणि पीडीएफ काढताना फॉन्ट तिच्यात अंतर्भूत करावा.

शेवटी चुकांचे संदेश. ‘शेल एक्झिक्यूट’ 32पेक्षा मोठा आकडा परत देते तेव्हा काम झालेले असते. 2 म्हणजे फाईल नाही, 5 म्हणजे परवानगी नाही, 31 म्हणजे या प्रकारासाठी ॲप ठरलेले नाही. लिनक्सवर ‘एक्सडीजी-ओपन’ 0 परत देते तेव्हा यश, 2 म्हणजे फाईल नाही, 3 म्हणजे लागणारे साधन सापडले नाही. हे आकडे मॅनेजरला दाखवून उपयोग नाही. त्यांच्या जागी ‘पीडीएफ उघडणारे ॲप या संगणकावर नाही, फाईल अमुक फोल्डरमध्ये ठेवली आहे’ असे मराठीत सांगावे आणि ते फोल्डर उघडून द्यावे. प्रोग्रॅम हवाली करण्याआधी तो सोसायटीच्या कार्यालयातल्याच संगणकावर चालवून पाहावा. नाव मराठी असलेली फाईल, ‘ए/302’चे बिल, आधीच उघडी असलेली फाईल आणि जिच्यासाठी ॲपच नाही अशी फाईल, या चारही गोष्टी तिथे करून पाहाव्यात. ही चाचणी बिले वाटण्याच्या आठवड्यात नव्हे, त्याच्या आधी करावी.